शेपटीखालचं रान

मित्रांनो, मी एक जुनं शेकरू आहे. म्हणजे नुसतं शेकरूचं कातडं. आत भुसा आणि डोळ्यांच्या जागी काचेचे मणी. कोल्हापुरातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, शेपटी पाठीवर टाकून बसलो आहे. मेलेल्याला कुठे काय आठवतं, असं तुम्हाला वाटेल. मला मात्र सगळं आठवतं, आणि तीच माझी शिक्षा आहे.

माझं रान इथलं नव्हे. पार उत्तरेला, सह्याद्री उतरत जातो तिथलं, सागाचं. उन्हाळ्यात पानं झडली की फांद्यांवर लख्ख ऊन पडायचं. त्या उजेडात लपायचं तर अंगही फिकट हवं. आमच्या कित्येक पिढ्या तशाच घडल्या. कपाटात माझ्या शेजारी बसलेलं शेकरू मात्र इथल्याच दाजीपूरच्या रानातलं. तिकडे पावसाची झोड आणि झाडांची दाट सावली, म्हणून त्याची पाठ गडद. जात एकच, पण रानांनी अंगं वेगळी केली. माझ्या रानात आता शेकरू उरलेलं नाही. माझा रंग हीच काय ती त्या रानाची खूण.

महापुराचं पाणी शाळेत शिरलं तेव्हा माझ्या पायाखालची, रानाचं नाव लिहिलेली पाटी वाहून गेली. तेव्हापासून पोरं शेजाऱ्याला 'खरं' म्हणतात आणि मला, फिकट म्हणून, 'भूत'. मला राग येत नाही. भूतच आहे मी. पंखा थांबला की मला अजून सागाची पानं गळताना ऐकू येतात.

यंदा प्रदर्शन ठरलं. विज्ञानाच्या राजमतीबाईंनी मला टेबलावर घेतलं. बाई मूळच्या शिरोळच्या, फार मायाळू. माझ्यावरची धूळ त्या पदरानं पुसतात.

"बाई, ह्येचा रंग उन्हानं पार उडालाय की," प्रयोगशाळेतले बाबासो म्हणाले.

"व्हय. दाजीपूरचंच असणार हे. शेजारच्यासारखं करून टाकू," बाई म्हणाल्या आणि केसांचा कलप कालवायला बसल्या.

मित्रांनो, ओरडायला मला गळा नव्हता. ब्रश डोक्यावरून फिरला, खांद्यांवरून फिरला. माझं रान माझ्याच अंगावरून पुसलं जात होतं, आणि पुसणारे हात प्रेमाचे होते. मी फार घाबरलो.

शेवटी पाठ राहिली. बाईंनी शेपटी उचलली आणि त्यांचा हात थबकला. तिच्याखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. तरी तिथली लव तशीच फिकट होती.

"बाबासो, उन्हानं न्हाय उडालेला," बाई हळू म्हणाल्या. "ह्यो रंगच असा हाय. हे दाजीपूरचं न्हाय."

"मग कुठलं?"

पाटी तर पुरात गेलेली. बाईंनी ओल्या फडक्यानं कलप पुसून पाहिला, शांपू लावून पाहिला. तो निघाला नाही. मग त्या स्टुलावर बसून रडल्या.

आता मी दुसऱ्याच रानाचा रंग पांघरून बसलो आहे. तळहाताएवढी जागा तेवढी माझी उरली. बाई प्रत्येक वर्गाला ती दाखवतात. मित्रांनो, तुम्हीही या. जुनी वस्तू उजळायच्या आधी ती कुठून आली ते एकदा विचारा, एवढंच माझं मागणं. शेपटी उचला, माझं रान पाहा. आणि पाहून झालं की ती हळूच परत ठेवा. तिथे ऊन लागू देऊ नका.