न दिसणारा पासवर्ड

भंगारवाल्याचा टेम्पो बोईसरजवळच्या सरावलीच्या अभ्यासिकेखाली उभा होता. कुठल्याशा कारखान्याने टाकून दिलेल्या संगणकांनी खोली अडवली होती, आणि अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाचे सचिव अंकुशराव आता कंटाळले होते. आज एक तरी चालू करून दाखवा, नाहीतर सगळे टेम्पोत, असं त्यांनी शिवाजीकाकांना बजावलं होतं.

निवृत्तीनंतर काका इथे मुलांना संगणक शिकवत. मुलांच्या हातातलं काम आपण ओढून घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. या जुन्या यंत्रांना आधीची अवजड ऑपरेटिंग सिस्टीम झेपत नव्हती. ती पुसून एक हलकी, फुकट मिळणारी प्रणाली मुलांनीच पेन ड्राइव्हवरून एका संगणकावर चढवली होती. आता काळ्या पडद्यावर तिने नाव विचारलं. मुलांपैकी धीरजने ते टाइप केलं. मग मुलांनीच ठरवलेला पासवर्ड विचारला. धीरज बटणं बडवत राहिला. अक्षर सोडाच, साधा ठिपका उमटेना.

"कीबोर्ड मेला, काका!"

"इथली खारी हवाच तशी. गंजला असेल," अंकुशराव म्हणाले.

भंगारवाला दारातून डोकावला. "उठाऊँ क्या, सेठ?"

उत्तर काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. चष्मा काढून ते पुसत बसले. "आणखी कुणाला काही सुचतंय?"

मागून नवसी पुढे आली. डोंगरातल्या पाड्यावरून ती आईबापासोबत बोईसरला आली होती; वर्गात सहसा तोंड उघडत नसे.

"नाव लिवलं तवा चालला ना? मग इतक्यात कसा मरंल? तो आयकतो हाय, दाखवत नाय."

"म्हणजे तुझ्यासारखा!" धीरज खिदळला.

"हां, माज्यासारखा. सरक तू."

धीरजने बडवलेलं पुसायला तिने बॅकस्पेस दाबून धरला, मग पासवर्डचं एकेक अक्षर जपून दाबलं. पडदा कोराच. तिने एंटर दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, मग पडदा निळा झाला आणि कोपऱ्यात मराठीत मेनू उमटला.

"कुणी मागून डोकावून वाचू नये, म्हणून लपवतो तो," काका आता बोलले.

अंकुशरावांनी स्वतः माउस हलवून पाहिला. "चालतोय की! राहू द्या सगळे."

भंगारवाला जिना उतरला. काका खिडकीशी गेले, तर टेम्पो जागचा हलला नव्हता. थोड्या वेळाने भंगारवाला धापा टाकत वर आला, खांद्यावर दोरीने बांधलेला, धुळीने माखलेला एक संगणक.

"बेटी, इसको भी देख ले. तोड़ने ही ले जा रहा था."

नवसीने काकांकडे पाहिलं नाही. ती दोरीची गाठ सोडायला बसलीसुद्धा.