अप्पांची सीट

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले त्या दिवसापासून आमच्या गाडीत दोन गोष्टी सुरू झाल्या. स्टिअरिंगमागे एअरबॅगचा लाल दिवा पेटला तो विझेना, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटसाठी पट्ट्याची घंटी वाजायला लागली. सीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही की वाजते ती घंटी. आमच्याकडे माणूस नव्हता. घंटी मात्र सोलापूरच्या आसरा चौकाच्या वळणावर वाजायची, सात रस्त्याच्या खड्ड्यांत वाजायची, कधी सिग्नलला उभं असताना उगीचच वाजायची.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यावर लाल चिकटपट्टी मारायची, हे माझं काम. त्यामुळे राजेश्वरी जरा खट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. घंटीला काहीतरी साधं कारण असणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरीही कुणी सोबत असताना ती वाजली की माझी मान डावीकडे वळायची, आणि एकटी असताना मान वळवायची हिंमत व्हायची नाही. हायवेवर समोरच्या ट्रकच्या पाटीकडे डोळे लावून मी गाडी चालवायची. भीती वाटायची, दुसरं काय.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, असली काही अडचण नव्हती. तिनं पहिल्याच आठवड्यात निकाल लावून टाकला होता. ती पूर्वीसारखीच मागे बसायची, माझ्या पाठीशी. घंटी वाजली की दोन सीटांमधून वाकून पट्टा ओढायची, रिकाम्या सीटवरून आडवा घ्यायची आणि खटकन लावायची. घंटी बंद. मग ती हळूच म्हणायची, "कूडरी." म्हणजे बसा. आमच्या घरात भांडण मराठीत आणि माया कानडीत, अशी वाटणी आहे.

"अव्वा, वायर बिघडलीय ती," मी म्हणायची.

"असंल की. पन ते हुडकाय बसल्यात तितं. मला म्हाईत हाय."

काय शोधतायत, हे तिला विचारावं लागत नव्हतं. आमच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, आणि जन्मापासून गळ्यात असलेलं त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून मातीआड करतात. अप्पांच्या हातावर त्यांचं लिंग नव्हतं. हॉस्पिटलमधून त्यांचा चष्मा मिळाला, घड्याळ मिळालं, खिशातली विभूतीची पुडी मिळाली. लिंगाची चांदीची डबी तेवढी मिळाली नाही. त्या धावपळीत कुठेतरी पडली, नाहीतर कुणीतरी उचलली, असं सगळे धरून चालले. मी गाडीतही टॉर्च मारून पाहिलं होतं, पायपुसणी उचलून झटकली होती. शेवटी अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगम गुरूंनी, मठातून नवं लिंग आणवलं आणि ते अप्पांच्या हातावर ठेवलं. शास्त्राला धरून झालं, असं भाऊबंद म्हणाले. रात्री अव्वा अंथरुणावर बसून मला म्हणाली, "दुसऱ्याचा चष्मा घालून दिसतंय व्हय गं?"

तेव्हापासून अप्पा पोचले नाहीत, असं तिच्या मनानं घेतलं. जेवताना घास अर्ध्यात ठेवून ती दाराकडे बघायची. संध्याकाळी खाली जाऊन गाडीचं मागचं दार उघडून नुसती बसायची. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. मला अप्पांच्या भुताची जेवढी भीती वाटत होती त्याच्या शंभरपट तिची वाटत होती.

दिव्यावर मी एक टिकली चिकटवून टाकली होती. दिसायला नको आणि विचार करायला नको. पण एका सकाळी हायवेवर बाळे गावाच्या पुढे समोरच्या टेम्पोनं कचकन ब्रेक मारला. मीही मारला. माझी गाडी त्याच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली, आणि त्या धक्क्यानं टिकली गळून माझ्या मांडीवर पडली. तो लाल दिवा माझ्याकडे बघत होता. त्याच वेळी शेजारी घंटी वाजू लागली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते, त्यांना घालू दिल्या.

त्या रविवारी सकाळी गाडी रफीककडे नेली. अक्कलकोट रोडला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. अप्पांचं भुसारचं दुकान होतं तेव्हापासूनची ओळख. रफीकचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. पुण्याचे शोरूमवाले आपल्याला फोन करून विचारतात, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मागे एकदा त्यानं मशीन लावून दिवा घालवला होता आणि "आता बघाच तुमी" म्हणाला होता. मी चौकात पोचेपर्यंत दिवा परत आला होता. त्याची आठवण मी त्याला पहिल्या वाक्यात करून दिली.

"तवा नुसतं पुसलं होतं ताई, आता मुळाशी जातो की," तो म्हणाला. पुन्हा मशीन लावलं, आकडे बघितले. "ह्या डाव्या सीटखालचंच दुखणं हाय. हितनं बाजूच्या फुग्याची, एअरबॅगची, वायर जाती, आन माणूस बसलाय का न्हाय ते सांगनारी बी जाती. आन एक सांगतो, दिवा जळतोय तवर एक बी फुगा फुगायचा न्हाय. तुमी रोज हायवेनं जाता, लई वंगाळ काम हे. सीट भाईर काढाय लागंल."

अव्वा मागच्या सीटवर बसली होती. ती उतरेना.

"सीट काढायची न्हाय," ती म्हणाली.

"अव्वा, उतर."

"ते कुटं बसतील मग?"

रफीकनं माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला. "अप्पा तिकडे रुद्रभूमीत बसलेत," मी ओरडले. "तूच माती टाकलीस ना? आणि उद्या मी ट्रकखाली गेले तर मला कुठे बसवणार आहेस? मागे, तुझ्या शेजारी?"

अव्वानं पदर तोंडाला लावला. शेजारच्या टपरीवरचे लोक बघायला लागले. रफीक आत गेला आणि प्लॅस्टिकची खुर्ची आणून गाडीच्या दाराशी ठेवली.

"मावशी, चन्नप्पा सावकार मला बी वळखत होते," तो म्हणाला. "सीट हितंच ठिवतो, तुमच्या डोळ्यांसमोर. काम झालं की होती तितं बसवतो. एक बोट फुडं न्हाय, एक बोट मागं न्हाय. मग तर झालं?"

अव्वा उतरली. खुर्चीत बसताना तिनं रिकाम्या सीटकडे बघून कानडीत काहीतरी सांगितलं. थोडा वेळ उठा, असं असावं.

रफीकनं बॅटरीची वायर सोडली आणि चहा मागवला. फुग्यातला करंट उतरेपर्यंत हात लावायचा नसतो, म्हणाला. मग बोल्ट सोडून त्यानं सीट मागे कलती केली आणि खाली डोकं घातलं. त्याचं तोंड अखंड चालू होतं, ते मध्येच थांबलं.

तो बाहेर आला. फडक्याला हात पुसले. मग नळावर जाऊन साबणानं धुतले.

"ताई, तुमीच काढा," तो म्हणाला. "तुमच्या देवाचं हाय."

मी वाकले. सीटच्या लोखंडी पट्टीत, पिवळ्या वायरींच्या जुडग्यात, चांदीची डबी अडकली होती. तुटलेला दोरा वायरीला वेढून बसला होता. डबीची एक कड वायरीत रुतली होती आणि आतली तांब्याची तार उघडी पडली होती.

सगळं एकदम आठवलं. त्या सकाळी अप्पा या सीटवर बसले तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. पट्टा लावायचा प्रश्नच नव्हता, घंटी हॉस्पिटलपर्यंत वाजत होती. मागून अव्वा त्यांच्या गळ्याशी हात घालून बटणं सोडत होती. गळ्याला काचतंय, काचतंय, असं ती म्हणत होती आणि ओढत होती. दोरा तेव्हाच तुटला असणार. डबी अंगावरून घसरून सीट आणि तिची पाठ यांच्या फटीतून खाली गेली. हॉस्पिटलच्या दारात दोघा वॉर्डबॉयनी त्यांना बाहेर घेताना सीट धाडकन मागे सारली, आणि डबी वायरींवर दाबली गेली. परत येताना दिवा पेटलेला होता.

"घासून घासून वायर डबीला टेकली," रफीक हळू आवाजात म्हणाला. "खड्डा आला की गाडीला वाटायचं, माणूस बसलाय. म्हणून घंटी."

कारण सापडलं होतं. मला हवं होतं ते हेच, साधं, हातात धरता येणारं. मी दोरा सोडवला, डबी काढली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ती गरम होती. सोलापूरचं ऊन, बंद गाडी, खालचं लोखंड. गरम असणारच. तरी मला ती नुकतीच कुणाच्या तरी गळ्यातून काढल्यासारखी वाटली.

अव्वा उठून उभी राहिली होती. मी डबी तिच्या ओंजळीत ठेवली. तिनं ती उघडली, आतलं लिंग बघितलं, कपाळाला लावलं. मला वाटलं ती मोडून पडेल. ती म्हणाली, "मीच की गं तोडलं. माझ्याच हातानं."

"त्यांना श्वास घेता येत नव्हता, अव्वा. तू गळा मोकळा करत होतीस."

"आन मी त्येंनाच कूडरी कूडरी म्हनत होते. ते उठून सांगत होते, खाली बघ, खाली बघ."

मी माझा रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

रफीकनं वायरी बदलल्या, सॉकेट नवा घातला, सीट होती तिथं बसवली. दिवा विझला. मग त्यानं मला दाखवलं: सीट रिकामी, घंटी नाही. तो स्वतः बसला, घंटी वाजली. पट्टा लावला, थांबली. उतरून त्यानं सीटवर स्वतःची पान्ह्यांची पिशवी ठेवली. घंटी नाही. "माणसाचंच वजन लागतंय बघा," तो म्हणाला. "पुण्याचे शोरूमवाले बी येवढं तपासत न्हाईत."

अव्वा म्हणाली, "रुद्रभूमीला चल."

"अय्यांना विचारून घेऊ आधी."

"त्येंचं त्येंना द्यायला कुनाला इचारायचं?"

ती मागेच बसली. बसण्याआधी तिनं रुमालात गुंडाळलेली डबी पुढच्या सीटवर ठेवली, बरोबर मध्ये. मी गाडी सुरू केली. रस्ता गुळगुळीत होता, खड्डा नव्हता. दुकानापासून थोडं पुढे आलो आणि घंटी वाजायला लागली.

मी आरशात बघितलं. अव्वा वाकली नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत होती. वायर नवी होती. रुमालातलं वजन मूठभर शेंगांएवढंही नव्हतं. परत फिरून रफीकला दाखवावं, असं माझ्या कामाची सवय सांगत होती. मी गाडी कडेला घेतली. इतक्या महिन्यांत प्रथमच डावीकडे नीट बघितलं. सीट, रुमाल, खिडकीतून येणारं ऊन. मी पट्टा ओढला, आडवा घेतला आणि लावला. घंटी थांबली.

"कूडरी, अप्पा," मी म्हणाले.

रुद्रभूमीच्या दारात केराबाई बेल-फुलं विकते. तिच्याकडून खुरपं मागून घेतलं. अप्पांचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून ओटा बांधला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा. त्यांचं तोंड कोणत्या दिशेला केलं होतं ते मला आठवेना. अव्वाला आठवत होतं. डाव्या हाताच्या अंगाला ती बसली आणि मला खणू दिलं नाही. स्वतः कोपरापर्यंत खड्डा केला, डबी आत ठेवली, विभूती टाकली, मातीवर तळवा दाबून बराच वेळ बसून राहिली. मी तिला घाई केली नाही. उठताना तिनं माझा खांदा धरला, आणि तिचा हात किती हलका झालाय ते मला कळलं.

परतताना ती गाडीजवळ आली आणि मागच्या दाराशी घुटमळली. मग पुढचं दार उघडून आत बसली. हॉस्पिटलच्या दारात मागे सारलेली सीट अजून तिथेच होती, तिचे पाय पुढे कुठेच टेकेनात. मी गाडी सुरू केली. ती थोडी चालली आणि घंटी वाजली.

अव्वा दचकली. तिनं दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

"अजून हायेत?" ती म्हणाली.

मी वाकून तिच्या अंगावरून पट्टा घेतला. तिच्या पदराला उन्हाचा आणि विभूतीचा वास येत होता.

"न्हाय, अव्वा," मी म्हणाले. "आता तू हायस."