दाराखालची फट

"अण्णा, भर दुपारी हातात उदबत्ती घिऊन काय फिरायलाव? घराला कुणाची नजर लागली का काय?"

खिडकीच्या गजातून नीलम्मा विचारत होत्या. नीलम्मा म्हणजे आमच्या शेजारीण. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे राग आला की कानडी आणि माया आली तरी कानडी. मराठी फक्त चौकशा करायला, आणि चौकशा तर दिवसभर.

"फटी शोधतोय," मी म्हणालो.

"कसल्या फटी?"

"हवेच्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बायको गेल्यावर पुरुषाचं असंच होतं, असा त्यांचा चेहरा. मला त्या चेहऱ्याचा मनापासून राग येतो. शिवलीला गेल्याला वर्ष झालं, तेव्हापासून अख्खी गल्ली माझ्याकडे त्याच चेहऱ्यानं बघते. विरुपाक्षअण्णा, जेवलात का? विरुपाक्षअण्णा, झोप लागते का? अहो, जेवलो नसतो तर तुमच्यासमोर उभा असतो का?

पण नीलम्मांना सांगणं भाग होतं, कारण त्या या भानगडीत पहिल्यापासून होत्या. माझी एकुलती एक मुलगी दानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. म्हणजे येणार की नाही, तेच ठरायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात कुबसा करायचा, म्हणजे हिरवी साडी नेसवून ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं. कुबसा पुण्यात तिच्या सासरी झाला. माहेरची बाई म्हणून नीलम्माच माझ्याबरोबर आल्या आणि त्यांनी ओटी भरली. पण घेऊन जायची गोष्ट निघाली तशा दानूच्या सासूबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "एप्रिल-मेमध्ये सोलापूर? पोरीला सोसेल का? आणि तिथं घरात बाईमाणूसही नाही."

दुसऱ्या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिलीवर होतं. मी म्हणालो, "एसी बसवतो."

दानूनं मधला मार्ग काढला. "पप्पा, थोडे दिवस येऊन बघते. नाही जमलं तर प्रभुलिंग येऊन घेऊन जाईल." प्रभुलिंग आमचे जावई.

त्या 'नाही जमलं तर'नं माझी झोप उडाली. ती आली नाही तर या घरात मी कशासाठी राहतोय, याचं उत्तर मला सापडत नव्हतं. तिनं यावं, राहावं, इथंच बाळंत व्हावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको.

एसी मागच्या खोलीत बसवला. ती खोली आमची, माझी आणि शिवलीलाची. एसी दिवसभर घरघरायचा, मीटरचा लाल दिवा येड्यासारखा लुकलुकायचा आणि खोली मात्र ढिम्म. मिस्त्री आला, गॅस बरोबर आहे म्हणाला, चहा पिऊन गेला. संध्याकाळी एसी बंद करून मी चरफडत शिवलीलाच्या फोटोला उदबत्ती लावली. धूर सरळ वर जायचा सोडून खिडकीकडे वाकला. खिडकी बंद, पंखा बंद. मग हा धूर चालला कुठं?

टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस मी. माल कमी भरला की तो कुठून गेला हे कळेपर्यंत मला घास गिळत नसे. इथं गार हवा चोरीला जात होती आणि चोर घरातच होते.

मग मी उदबत्ती घेऊन एकेक कोपरा हुडकला. जिथं धूर वाकेल तिथं खडूची खूण. सरकत्या खिडकीच्या दोन्ही कडा. एसीच्या नळीभोवतीचं भोक, जे मिस्त्रीनं पाडलं मुठीएवढं आणि बुजवलं बोटाएवढं. केबलवाल्यानं पाडलेलं जुनं भोक. टीव्ही हॉलमध्ये गेला, भोक जागेवर राहिलं. वरचा व्हेंटिलेटर. त्याची काच फुटली तेव्हा शिवलीला म्हणाली होती, बदला. मी म्हणालो होतो, बदलू. दार तर असं फुगलेलं की चौकटीशी त्याचं भांडण असावं, आणि त्याच्याखाली दोन बोटं मोकळी.

सात रस्त्याच्या दुकानातून फोमची पट्टी आणि सिलिकॉनच्या नळ्या आणल्या. दुकानदारानं विचारलं, "काका, गळती कुटं हाय? बाथरूमला का?" हवेची म्हटल्यावर त्यानंही तोच चेहरा केला.

कामात माझे दिवस बरे गेले, हे कबूल करायला हवं. खिडकीला पट्टी चिकटवली, भोकं बुजवली, व्हेंटिलेटरला नवी काच बसवून चारी बाजूंनी सिलिकॉन ओढलं. दाराखालच्या फटीला काय करावं कळेना. शेवटी कपाटातून शिवलीलाचं एक जुनं इरकल काढलं, विरलेलं, त्याची लांब पिशवी शिवली, आत वाळू भरली आणि ती वळकटी दाराला लावून टाकली. आता उदबत्ती कुठंही धरा, धूर सरळ. एसी लावला तर खोली अशी गार की मलाच शाल घ्यावी लागली.

नीलम्मा बघायला आल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "अण्णा, आमच्या वेळंला बाळंतिणीला वारा लागू नये म्हनून पोती लावून खोली बांधायचे. तुमी तर बाळंतीण यायच्या आदीच बांधलाव की!"

दानू आली. प्रभुलिंगनी टेंभुर्णीहून फोन केला तसा मी एसी सुरू करून ठेवला. ती आत आली, थबकली आणि म्हणाली, "पप्पा, किती गार केलंय!" त्या एका वाक्यासाठी मी आणखी दहा खोल्या बुजवल्या असत्या. मग तिची नजर दाराशी गेली. "आईची साडी?"

"विरली होती," मी म्हणालो.

 प्रभुलिंग दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले आणि आम्ही दोघं उरलो.

आता इथं मी काय केलं ते सांगतो. मी त्या खोलीचा वॉचमन झालो. दानू पाणी प्यायला बाहेर आली की मी म्हणायचो, "दार लाव, गार जातं." हॉलमध्ये येऊन बसली की म्हणायचो, "इथं कशाला उकडत बसतेस? आत जा." ताट आत नेऊन द्यायचो तेही घाईघाईनं, आणि निघताना वळकटी पायानं परत नीट सारायचो. तिचं ऑफिसचं काम लॅपटॉपवर चालायचं. जेवण झालं की ती आतून मोबाइलवर फोन करायची, "पप्पा, ताट झालं." मी दारापासून दोन हातांवर खुर्ची टाकून, पंख्याखाली घाम पुसत बसलेलो असायचो. तिनं हाक मारली तर लगेच उठता यावं म्हणून. पण आतली हाक बाहेर येणार कुठून? एक फट म्हणून मी ठेवली नव्हती.

आत जाऊन बसलो का नाही, असं कुणी विचारील. काय बोलणार होतो? मी आणि दानू कधी सरळ बोललोच नाही. ती आईला सांगायची, आई मला सांगायची, मी आईवर ओरडायचो आणि आई त्यातलं बरं तेवढं तिला सांगायची. मधलं माणूसच गेलं. राहिलो ते आम्ही दोघं, आणि मध्ये दार. रिकाम्या घरात एकटं बसायची मला सवय झाली होती. भरल्या घरात एकटं बसणं त्याहून वाईट असतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

नीलम्मा रोज संध्याकाळी येऊन दानूच्या पायांना तेल लावायच्या. एके दिवशी बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अण्णा, पोरगी रडती की."

"कधी?"

"रोज दुपारी. डोळं बगा तिचं, कसं सुजलेत. इचारलं तर म्हनती, काय न्हाय मावशी. तुमी हितंच बसलेलं असताव. तुमाला ऐकू येत न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

नीलम्मा कानडीत काहीतरी पुटपुटल्या. ते मायेचं नव्हतं. त्या गेल्यावर मी त्या बंद दाराकडे बघत बसलो. माझी मुलगी रोज दोन हातांवर रडत होती आणि मी बाहेर बसून खोली किती छान गार धरते याचा अभिमान बाळगत होतो. माझी मलाच लाज वाटली. ती रडत असणार पुण्यासाठी, हेही मला लगेच कळलं. इथं तिचं मन रमत नव्हतं. रविवारी प्रभुलिंग भेटायला येणार होते. ते येणार आणि ही त्यांच्याबरोबर जाणार. जमलं नाही. मी काय काय बुजवलं, तरी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिचं दार बंद झालं. मी खुर्ची सरकवून अगदी दाराशी नेली, वाकलो आणि ती इरकलाची वळकटी हळूच बाजूला ओढली. फटीतून गार हवेची पट्टी थेट माझ्या पायांवर आली. किती दिवसांनी त्या खोलीतलं काहीतरी माझ्यापर्यंत पोचत होतं. एसीची घरघर आली. मग दानूचा आवाज. ती फोनवर बोलत होती. चोरून ऐकणं बरं नव्हे, हे मला कळतं. तरी ऐकलं.

"रविवारी ये तू, पण मला न्यायला नको येऊस... नाही रे, खोली मस्त आहे. गार आहे. त्रास काहीच नाही." पलंग करकरला. "पप्पांचं बघवत नाही मला. दिवसभर दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. एकटेच. मी बाहेर गेले की म्हणतात, आत जा, गार जातं. आई गेल्यापासून असेच बसत असतील का रे रोज? मी तिकडून फोनवर विचारायची, पप्पा कसे आहात, तर म्हणायचे, मस्त. आणि मला ते खरं वाटायचं." तिचा आवाज भरून आला. "मी निघून आले तर ते परत त्याच खुर्चीत. नको. मी इथंच राहते. बाळ झाल्यावरही राहीन थोडे दिवस."

मी हललो नाही. मला जे हवं होतं ते सगळं त्या दोन बोटांच्या फटीतून मिळालं होतं. ती राहणार होती. पण ती माहेरपणाला राहणार नव्हती. बाप एकटा आहे म्हणून राहणार होती. पोटुशी पोर माझ्यासाठी रडत होती आणि मी तिला उकडू नये म्हणून धडपडत होतो. मला राग यायला हवा होता. दया दाखवलेली मला खपत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण राग आला नाही. मी आवाज न करता नाक ओढायचा प्रयत्न केला. जमला नाही.

आतलं बोलणं थांबलं.

"पप्पा?"

मी खुर्चीतच अंग चोरलं.

"पप्पा, पाय दिसतायत तुमचे फटीतून."

मी पाय मागे घेतले. मग उगाचच घेतले असं वाटून परत पुढे ठेवले.

"आत या की," दानू म्हणाली.

"दार उघडलं की गार जाईल," मी म्हणालो. तोंडाला सवयच लागली होती.

"जाऊ दे."

मी खुर्ची उचलली आणि आत गेलो. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, डोळे नीलम्मांनी सांगितले तसेच सुजलेले. मी व्हेंटिलेटरकडे बोट दाखवून म्हणालो, "ती काच तुझ्या आईनं बदला म्हणून सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय, आत्ता बदलली."

ती हसली आणि परत रडायला लागली. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. दार लावायचं राहून गेलं.