चेतनचा कोबी

"अवं, डोळं वटारून बघितल्यानं गड्डा धरतोय व्हय?" कांताबाईनं मोरीतूनच आवाज दिला.

कोबीच्या खोडाला फुटलेला एक कोंब धोंडिबानं अंगठ्यानं कचकन मोडला आणि शेळीच्या पाटीत टाकला. वारज्याचं सगळं रान सोसायट्यांनी गिळलं. घरामागं हा एवढासा तुकडा उरला. त्यातही, जन्मभर कोबी पिकवलेल्या माणसाला यंदा एक गड्डा धरून दाखवता येईना.

बी चेतननं आणलं होतं. त्यांचा एकुलता एक, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला आणि त्याच्या बायकोला, नम्रताला, कंपनीनं वर्षभर इंग्लंडला धाडलं होतं. येताना पोरानं कागदाच्या पुडीत चिमूटभर बी बांधून आणलं.

"दादा, तिकडचा कोबी हाय. थंडीत येतोय. आमी दर रविवारी ह्योच खायचो," तो बापाला म्हणाला.

गणपती उठल्यावर त्यानं स्वतः वाफा केला, नवरात्रात रोपं लावली. आणि दिवाळीच्या तोंडावर, रात्रपाळीहून येताना, हायवेवर ट्रकनं गाडीला धडक दिली. चेतन गेला.

नम्रता कोथरूडची. माहेरी न जाता ती सासू-सासऱ्यांजवळच राहिली. अंधारात कामाला जायची, अंधार पडल्यावर यायची. परसात मात्र तिनं पाऊल टाकलं नाही. शेवटी कांताबाईनंच तिला जवळ बसवलं. "पोरी, तुझं वय काय! आमच्या दुःखाला राखण बसू नगंस." सुनेला हे सांगताना तिच्या काळजाचं काय झालं असेल, ते तिचं तिला माहीत.

तर नम्रता पुन्हा इंग्लंडला निघाली होती, या खेपेला कायमची. आज रविवार, आणि संध्याकाळी तिचे वडील तिला न्यायला येणार होते. पोरीनं उंबरा ओलांडायच्या आधी चेतनच्या हातचा कोबी एकदा खाऊन जावा, एवढंच धोंडिबाला हवं होतं. त्यानं शेणखत घातलं, राख मारली, कळशीनं पाणी दिलं. पण झाड नुसतं काठीसारखं वर गेलं आणि पानापानाच्या बगलेत गाठी फुटल्या. बाजूचे कोंब झाडाचं बळ खातात, हे काय त्याला कुणी शिकवायला हवं? तो रोज खुडायचा. शेळी तेवढी गुबगुबीत झाली.

आज त्यानं धीर करून हाक मारली. "नम्रता, जरा मागं ये गं."

ती दाराशी थबकली, मग आली.

"पोरी, गड्डा काय धरला न्हाई. रोज बाजूचं कोंब खुडलं, सगळं बळ शेंड्याला लावलं, पर..."

नम्रतानं उघड्या खोडांवरचे वण पाहिले. मग तिची नजर पाटीकडं गेली. ती खाली बसली, शेळीचं तोंड बाजूला सारलं आणि बोराएवढे, घट्ट मिटलेले कोंब ओंजळीत वेचू लागली.

"आगं, शेळीचं हाय त्ये!"

"असू दे, दादा. आज ह्याचीच भाजी करू."

"कोंबाची?"

"मला आवडते."

चुलीपाशी तिनं एकेक कोंब उभा चिरला. कांताबाईनं मोहरी-हळदीची फोडणी केली, हिरवी मिरची घातली, भिजलेली हरभऱ्याची डाळ टाकली. धोंडिबा उंबऱ्यावर बसून बघत होता. चिरलेल्या फोडीत पदरावर पदर, मधे पांढरा दांडा. गड्ड्याचं पोट त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं.

"ह्योच व्हता व्हय गं त्यो?"

विळीवरचा हात थांबला. खोटं बोलावंसं तिला फार वाटलं.

"हो, दादा. ह्या कोबीला मोठा गड्डा धरतच नाही. बगलेतले हे कोंबच त्याचे गड्डे."

"म्हंजी पोराचं समदं पीक म्या रोज माझ्या हातानं शेळीला घातलं."

"तुम्हाला कुठं माहीत होतं? मीच कधी मागं आले नाही. आले असते तर..."

भाजी तिघांच्या ताटांत जेमतेम घासभर आली. कांताबाईनं विचारलं, "कडू लागतीया का गं?"

"थोडी असतेच, आई. चेतन म्हणायचा, ह्याला आईच्या हातची फोडणी पाहिजे." आणि इतके दिवस कुणासमोर न रडलेली ती पोर ताटावर बसून हमसून हमसून रडली. धोंडिबानं आपल्या ताटातली भाजी तिच्या ताटात सारली.

संध्याकाळी गाडी आली. नम्रता दोघांच्या पाया पडली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शेंड्याच्या पानांआड धोंडिबाला दोन कोंब दिसले, खुडायचे राहून गेलेले. त्यानं शेळी लांब नेऊन बांधली. होळी झाली, ऊन तापलं, कोंब सैल पडून उघडायला लागले.

"आता तरी खुडा की," कांताबाई म्हणाली. "वाया चाललं."

"ऱ्हाऊ दे."

"कुणासाठी?"

धोंडिबानं कळशी झाडाच्या बुडात रिती केली. "एकांद्या दिशी तिचा फोन यील. दादा, कोबी हाय का, म्हणून इचारंल. हाय, म्हणता याया पायजे."