ब्रेकवरचा पाय

उद्धवरावांनी सव्वीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर ते लातूरहून दिघीला मुलीकडे आले आणि चाकणच्या एका कंपनीत लागले. काम अजब होतं. आपोआप चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंगमागे नुसतं बसायचं, आणि गाडी चुकलीच तर ब्रेक दाबायचा.

चाचणीची गाडी तळेगाव रस्त्याजवळच्या एका वस्तीतून जायची. छपरावरचं गरगरणारं यंत्र बघून सुरुवातीला म्हातारीकोतारी शिव्या घालायची. पण गाडी कुत्र्याला थांबायची, कोंबडीलाही थांबायची. हळूहळू वस्तीची भीड चेपली. तिथल्या सोपानरावांच्या पत्नी शालनबाई तर रोज सकाळी गाडीसमोरून खुशाल रस्ता ओलांडायच्या.

"जरा बघून जावा, बाई," उद्धवराव काच खाली करून म्हणायचे.

"कशापायी? तुमची गाडी मानसापरीस शहाणी हाय. त्या डंपरवाल्या मेल्यांचा काय नेम न्हाई."

पहिले दोन महिने उद्धवरावांचा पाय ब्रेकवरच असायचा, संध्याकाळी पोटरीत गोळे यायचे. पुढे पाय सैलावला. मग तो खाली चटईवरच राहू लागला. सहा महिन्यांत ब्रेक एकदाही दाबावा लागला नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी शालनबाई डोक्यावर मक्याच्या चाऱ्याचा भारा घेऊन निघाल्या. पाला कमरेपर्यंत लोंबत होता. गाडीचा आवाज त्यांना आला असणार, तरी त्या थांबल्या नाहीत. उद्धवरावांनी त्यांना लांबूनच बघितलं. आता गाडी थांबेल, असं त्यांना वाटलं. ती थांबली नाही. पाय उचलेस्तोवर धडक बसली होती.

शालनबाई दवाखान्याच्या वाटेतच गेल्या.

तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या इंजिनिअर विजयश्री दिघीला आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"काका, गाडीला फक्त पाला दिसला, आणि पाल्याला ती थांबत नाही. माणूस दिसलाच नाही. वरचे लोक सगळं तुमच्यावर ढकलणार आहेत. जबाबात सांगा, पाय ब्रेकवर होता, पण वेळ मिळाला नाही. गाडीत पायाकडे कॅमेरा नाहीये. कुणाला कळणार नाही."

उद्धवरावांनी होकारार्थी मान डोलावली. पण पोलिसांसमोर बसल्यावर त्यांच्या तोंडून ते खोटं निघेना. "पाय खाली होता," ते म्हणाले.

कंपनीला तेवढंच हवं होतं. चालकाचा निष्काळजीपणा, असं ठरवून तिनं त्यांना काढून टाकलं. केस त्यांच्या एकट्यावर झाली. महिन्याभरात गाडी दुसऱ्या वस्तीतून फिरू लागली.

जामीन झाल्यावर उद्धवराव सोपानरावांकडे गेले. ओसरीवर बसायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ते अंगणातच उभे राहिले.

"मी बघत होतो त्यांना," ते म्हणाले. "मला वाटलं, गाडी थांबल."



"तिला बी तसंच वाटलं आसंल," सोपानराव म्हणाले.

गोठ्यात म्हैस हंबरली. सोपानराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कोपऱ्यातला चाऱ्याचा भारा ओढू लागले. त्यांना तो उचलेना. उद्धवराव हात लावायला पुढं झाले.

"ऱ्हाऊ द्या," सोपानराव म्हणाले. "तुमी जावा आता. आन् पुन्यांदा हिकडं येऊ नगा."