पाय काढला की

“पाय काढा,” बॉनेटखालून मेहुण्याचा आवाज आला.

दाजींनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिन आचके देऊन गप्प झालं.

“परत चालू करा. आणि आता पाय अजिबात लावू नका.”

गाडी सुरू झाली, थरथरली आणि पुन्हा बंद पडली. मेहुण्याचंच गॅरेज, त्यामुळे एरवी दाजी इथे खुर्ची ओढून जावयाच्या थाटात हुकूम सोडत. आज मुकाट स्टिअरिंगमागे बसले होते. बायको बरोबर नव्हती. आई गेल्यापासून मेहुण्याने बहिणीशी बोलणंच टाकलं होतं. आई अत्यवस्थ झाली तेव्हा ताईच्या दारात गाडी होती, पर्समध्ये लायसन्स होतं, रस्ता जेमतेम तासाभराचा. तरी ती आली दुसऱ्या दिवशी, दाजींना सवड मिळाल्यावर. तोवर सगळं आटोपलं होतं.

मेहुण्याने इंजिनावरची एक रबरी नळी चिमटीत दाबून धरली. “आता चालू करा.”

या वेळी इंजिन शांतपणे चालत राहिलं. त्याने चिमूट सोडली आणि ते बंद पडलं.

“सापडलं. नळीला चीर गेलीय, तिथून नको ती हवा आत जाते. रेस दिली की कळत नाही, पाय काढला की जीव सोडते. पण चीर जुनी आहे, दाजी. कडा बघा कशा कडक झाल्यात. इतके दिवस सिग्नलला बंद पडत नव्हती?”

“नाही. म्हणजे, परवापासूनच.”

“उभे राहता तेव्हा तुमचा पाय कुठे असतो?”

दाजींची नजर अ‍ॅक्सिलरेटरवर गेली. सिग्नलला उभ्या गाडीला घूं घूं करायला लावायची त्यांची खोड घरात सगळ्यांना माहीत होती.

“म्हणून,” मेहुणा हसला. “तुम्ही तिला दम खाऊच दिला नाहीत; आता चीर वाढली म्हणून तुम्हालाही कळलं. नीट चालवणाऱ्याच्या हातात पहिल्याच सिग्नलला पडली असती बंद.”

पडली होती. ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे बायकोने गिअर न्यूट्रल केला, पाय काढला, आणि गाडी ठप्प. मागे हॉर्नचा कल्लोळ. “गाडीतच काहीतरी आहे हो,” ती म्हणाली होती. “नाचता येईना, अंगण वाकडं,” असं म्हणत दाजींनी तिला बाजूला बसवलं आणि स्वतः ऐटीत गाडी घरी आणली. पुढे आल्यागेल्याला तो किस्सा तिच्यादेखत रंगवून सांगितला. तिने कानाला खडा लावला. आईचा निरोप आला त्या दुपारी मात्र तिने त्यांना ऑफिसात फोन केला होता, मी गाडी घेऊन निघते म्हणून. “रस्त्यात बंद पाडून बसशील. थांब, मी नेतो,” ते म्हणाले होते.

आणि ती थांबली होती.

गप्प राहिलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता.

“आई गेली त्या दिवशी ती निघाली होती,” ते म्हणाले. “मीच अडवलं. तिला चालवता येत नाही म्हणून.”

मेहुण्याने ती चिरलेली नळी उपसून काढली.

“ताई मला हे कधी बोलली नाही.”

“कशी बोलेल? तिला अजून वाटतं, चूक तिचीच.”

मेहुण्याने नवी नळी बसवली, हात पुसले आणि भर दुपारी गॅरेजचं शटर खाली ओढलं.

“सरका. मी येतो ताईकडे.”

वाटेत एकाही सिग्नलला गाडी बंद पडली नाही.

दार बायकोनेच उघडलं. उंबऱ्यापाशी भावाला पाहून तिचा हात कडीवरच राहिला.

“मी येणार होते रे,” ती म्हणाली.

“माहीत आहे, ताई,” तो म्हणाला आणि बाजूला झाला, दाजींना पुढे येता यावं म्हणून.