कमळातला ळ

मी कमळ बोलतोय. तळ्यातलं फूल नव्हे हं, त्या फुलाचं नाव. मला देठ नाही, पाकळ्या नाहीत. मी राहतो माणसांच्या जिभेवर. आणि आज इतका खुशीत आहे की सारखं कुणाच्या तरी तोंडून बाहेर यावंसं वाटतंय.

संस्कृतात मी 'कमल' होतो. पंकज आणि अंबुज ही माझी भावंडं. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेला, अंबुज म्हणजे पाण्यात जन्मलेला. त्यांच्या नावातच त्यांचा पत्ता. मी मराठी तोंडात आलो आणि माझा ल वळून ळ झाला. तेव्हापासून मी इथला.

कामं मला पुष्कळ. बालवाडीच्या भिंतीवर 'क कमळाचा' म्हणून मी पहिला. 'राष्ट्रीय फूल कोणतं?' असं विचारलं की अख्खा वर्ग मला ओरडतो, आणि त्यातल्या कितीतरी पोरांनी फूल पाहिलेलंही नसतं. देवाच्या पायांना मला जोडून चरणकमळ म्हणतात. बाजारात बादलीतल्या कुमुदालाही माझंच नाव देतात. मी रागावत नाही. निवडणुकीच्या दिवसांत मात्र मला उच्चारण्याआधी लोक इकडंतिकडं बघतात.

फक्त माणसाचं नाव म्हणून मला कुणी बोलवेना. पणज्यांबरोबर मी मागं पडलो होतो.

आणि शाहूपुरीत प्रभुलिंगला मुलगी झाली.

त्याची बहीण सौंदर्या लहानपणापासून डेहराडूनला शिकली. आता कायमची परत आलीय. आपल्या गावात राहायचं, आपल्या भाषेत काम करायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलंय. भाचीला कडेवर घेऊन ती म्हणाली, "हिचं नाव कमल ठेवूया."

"कमल का कमळ?" प्रभुलिंगनं विचारलं.

"तेच की. कमल."

"मिसल खाती, गूल खाती, आन् नाव ठेवायला निघाली. तुला ळ येत न्हाय, बाई."

बाळाची आई विद्याश्री हसली नाही. "नाव मला आवडलंय, सौंदर्या. पण कानात पडंल तेच नाव. माझ्या लेकीला अर्धं नको."

"बारशापर्यंत जमलं न्हाय, तर मोना सांगंल कानात," प्रभुलिंग म्हणाला. "चुलत असली तरी ती बी आत्याच हाय."

सौंदर्याचा चेहरा उतरला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. परत येऊनही तो दुसरीकडं गेला, तर ती पाहुणीच राहणार होती. आणि तिच्या तोंडी मी कमलच राहणार होतो.

ती आजीकडं गेली. चन्नम्माआजीचं माहेर कर्नाटकातलं. "अज्जी, ळ शिकव की."

"मी कमळाला तावरे म्हणणारी बाई, मी काय शिकवू? बरं, बाळेहण्णू म्हण. म्हंजे केळं."

"बालेहण्णू."

"हे केळं न्हाय, नुसती साल हाय. जीभ मागं वळव गं."

मग घरभर जवल, डोला, सकाल. मी तिच्या टाळ्यापर्यंत पोचायचो आणि घसरून दाताशी यायचो. काय धडपड चालली होती आम्हा दोघांची.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला. मोना तयारीत उभी. सौंदर्या वाकली, बाळाच्या कानाशी 'कुर्र' केलं. रीतीप्रमाणे बायकांचे हात तिच्या पाठीवर धपाधप पडू लागले.

"कम..." ती अडकली. मी टाळ्याखाली श्वास धरून बसलो.

तेवढ्यात चन्नम्माआजीचा जोरदार धपाटा बसला, जीभ सर्रकन मागं वळली, आणि मी सबंधच्या सबंध त्या चिमुकल्या कानात उतरलो.

"काय सांगितलंस?" विद्याश्रीनं विचारलं. "मोठ्यानं म्हण."

सौंदर्या पाठ चोळत उभी राहिली. "कमळ," ती म्हणाली. मग स्वतःच चकित होऊन पुन्हा, "कमळ. वैनी, कमळ."

"आता मिसळ खायला न्यायला पाहिजे हिला," प्रभुलिंग म्हणाला. डोळे पुसत होता, पण ते त्यानं कुणाला दिसू दिलं नाही.

आता दिवसभर मला हाका येतात. कमळ रडली, कमळ हसली, कमळ झोपली. तिला अजून मला उच्चारता येत नाही, पण हाक ऐकून मान वळवते. एवढंच मागतो, तुमच्या ओळखीत कुणी माझ्या नावाचं असेल तर आजच हाक मारा. जीभ पुरती मागं न्या. तिथंच मी उभा आहे.